पिट्सबर्ग पायरेट्सचे चाहते मालकावर इतके का खवळलेत? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दरवर्षी ऑगस्टमध्ये पुण्या-मुंबईहून शिकायला आलेली नवी मंडळी पिट्सबर्गला उतरतात. महिन्याभरात कुणीतरी त्यांना पायरेट्स या इथल्या बेसबॉल संघाच्या मॅचला नेतं. स्टेडियम बघून सगळे हरखतात. मग नऊपैकी दोन-तीन इनिंग झाल्या की मागच्या रांगेतून ‘सेल द टीम’चा, म्हणजे ‘संघ विका’चा, गजर सुरू होतो आणि त्याबरोबर प्रश्नांची सरबत्तीही. दर वेळी तीच उत्तरं देऊन तोंड दुखायला लागलं, म्हणून इथे एकदाच सगळं लिहून ठेवतो. मी या संघाचा चाहता आहे, तेव्हा तटस्थपणाची अपेक्षा ठेवू नका. आकडे मात्र खरे आहेत.

‘सेल द टीम’ म्हणजे कुणाला उद्देशून?

बॉब नटिंग यांना. जानेवारी २००७ पासून ते संघाचे प्रमुख मालक आहेत. त्यांच्या घराण्याचा वर्तमानपत्रांचा धंदा आहे, शेजारच्या वेस्ट व्हर्जिनियातल्या व्हीलिंग गावातून चालणारा. त्यांच्या काळात संघ प्लेऑफमध्ये, म्हणजे साखळीनंतरच्या बाद फेऱ्यांत, तीनदा पोहोचला: २०१३, २०१४ आणि २०१५. त्यानंतर २०२५ पर्यंत एकदाही नाही.

हे नाराजीचं प्रकरण नवीन आहे का?

अजिबात नाही. जून २००७ मध्ये, म्हणजे नटिंग येऊन सहा महिनेही झाले नव्हते तेव्हा, चाहत्यांनी भर मॅचमध्ये तिसरी इनिंग संपल्यावर जागा सोडून निषेध केला होता. त्याच महिन्यात ड्राफ्टमध्ये, म्हणजे नवे खेळाडू निवडण्याच्या वार्षिक फेरीत, मॅट वीटर्स नावाचा कॅचर (आपल्या यष्टिरक्षकासारखा) समोर असताना संघाने डॅनियल मॉस्कोस या पिचरला (चेंडू टाकणाऱ्याला) घेतलं होतं. वीटर्स महागात पडला असता, हे शेंबड्या पोरालाही कळत होतं. पुढच्याच क्रमांकावर बाल्टिमोरने त्याला उचललं आणि तो चार वेळा ऑल-स्टार झाला, म्हणजे लीगमधल्या निवडक उत्तम खेळाडूंत गणला गेला. मॉस्कोस वरच्या पातळीवर जेमतेम एक सीझन खेळला.

जानेवारी २०१८ मध्ये पिचर गेरिट कोल आणि बॅटर अँड्र्यू मॅकचन या दोघांना काही दिवसांच्या अंतराने दुसऱ्या संघांना देऊन टाकलं, तेव्हा ‘संघ विका’ अशा ऑनलाइन अर्जावर हजारोंनी सह्या केल्या. एप्रिल २०२५ मध्ये घरच्या मैदानावरच्या पहिल्या मॅचला विमानामागे फलक लावून तोच संदेश स्टेडियमवरून फिरवला गेला. लोकांनी वर्गणी काढून रस्त्यावर होर्डिंगही लावली. थोडक्यात, घोषणा तीच आहे, ओरडणारी पिढी बदलली.

पण पिट्सबर्ग छोटं शहर आहे. पैसाच नसेल तर मालक काय करणार?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि त्यात अर्धं सत्य आहे. शहराची वस्ती साधारण तीन लाख, आसपासचा पट्टा धरला तर तेवीस-चोवीस लाख. न्यूयॉर्क किंवा लॉस एंजेलिसच्या टीव्ही कराराइतका पैसा इथे कधीच येणार नाही. हे इथल्या चाहत्यांना तुमच्या-माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. लॉस एंजेलिसच्या डॉजर्सएवढे पैसे ओता, असं इथे कुणीही शहाणा माणूस म्हणत नाही.

पण बेसबॉलमध्ये छोट्या संघांना उपाशी ठेवत नाहीत. प्रत्येक संघाच्या स्थानिक उत्पन्नातला ४८ टक्के वाटा एका सामायिक कोशात जातो आणि तो ३० संघांत समान वाटला जातो. राष्ट्रीय टीव्हीचे पैसे वेगळे, तेही समान. म्हणजे न्यूयॉर्कमध्ये खुर्चीवर बसणाऱ्या प्रत्येक प्रेक्षकाचा थोडा पैसा पिट्सबर्गच्या तिजोरीत येतो. हा पैसा मैदानावरचा खेळ सुधारण्यासाठी वापरायचा, असं करारात लिहिलेलं आहे. तो तसा वापरला जात नाही अशी तक्रार खेळाडूंच्या संघटनेने २०१८ मध्ये चार संघांविरुद्ध रीतसर नोंदवली. त्यात पायरेट्स होते. बाकीचे तिघे ओकलंड, मायामी आणि टँपा बे.

आणि २०१० साली संघाचे आर्थिक कागद फुटले, ते तर विसरणं शक्यच नाही. २००७ आणि २००८ या दोन वर्षांत मिळून संघाला सुमारे २ कोटी ९४ लाख डॉलर नफा झाला होता. त्या दोन वर्षांत १६२ पैकी अनुक्रमे ६८ आणि ६७ मॅच जिंकल्या होत्या. ‘आम्ही छोटे, आम्ही गरीब’ हे रडगाणं त्या दिवसानंतर कुणी खरं मानलं नाही. ऐपत आहे, दानत नाही, असं इथलं ठाम मत त्या कागदांनी बनवलं.

उदाहरणच हवं असेल तर मिलवॉकी बघा. पिट्सबर्गपेक्षाही छोटी बाजारपेठ, त्याच गटात खेळणारा संघ. २०२५ मध्ये ९७ मॅच जिंकून साखळीत ३० संघांत पहिला आला. त्याच गटात पायरेट्स ७१ विजय घेऊन तळाशी.

आयपीएलसारखी सगळ्यांना सारखी पर्स नाही का?

नाही, आणि सगळी गोम तिथेच आहे. आयपीएलच्या २०२५ च्या मोठ्या लिलावात प्रत्येक फ्रँचायझीला १२० कोटींची पर्स होती आणि तिच्याबाहेर कुणालाच जाता येत नव्हतं. अमेरिकेतल्या फुटबॉल, बास्केटबॉल आणि आइस हॉकीतही वरची मर्यादा आहे, खालचीही आहे. बेसबॉलमध्ये दोन्ही नाहीत. वर फक्त ‘लक्झरी टॅक्स’: २०२५ मध्ये २४.१ कोटी डॉलरच्या पुढे पगार गेले की दंड भरायचा. डॉजर्सनी त्या वर्षी सुमारे १६.९ कोटी डॉलर नुसता दंड भरला. पायरेट्सच्या सगळ्या खेळाडूंचे पगार मिळूनही त्या दंडाएवढे होत नाहीत. खाली मर्यादाच नसल्यामुळे कमीत कमी किती खर्च करायचा, हे मालकाच्या मर्जीवर.

मालकाचा पैसा आहे, त्याने कसाही खर्च करावा. तुमचं काय जातं?

स्टेडियम कुणाच्या पैशाचं आहे ते आधी विचारा. १९९७ च्या नोव्हेंबरात इथल्या ११ काउंट्यांमध्ये (आपल्याकडच्या जिल्ह्यांसारख्या) मतदान झालं: नव्या स्टेडियमांसाठी विक्रीकरात अर्धा टक्का वाढ करायची का? लोकांनी साफ नकार दिला. मग राजकारण्यांनी ‘प्लॅन बी’ काढला आणि मतदान टाळून सार्वजनिक पैसा दिलाच. २००१ मध्ये पीएनसी पार्क उभं राहिलं. देशातल्या सर्वांत देखण्या मैदानांत त्याची गणना होते, त्याबद्दल वाद नाही. तेव्हा प्रमुख मालक नटिंग नव्हते, केविन मॅक्लॅची होते, हेही सांगून टाकतो. पण ‘स्पर्धा करायची तर नवं मैदान पाहिजे’ हा शब्द संघाने दिला होता. मैदान मिळालं. स्पर्धा कुठे गेली?

खरंच इतका वाईट इतिहास आहे?

१९०९, १९२५, १९६०, १९७१, १९७९ अशा पाच वर्ल्ड सिरीज, म्हणजे लीगची विजेतेपदं, जिंकलेला संघ आहे हा. म्हणून तर जास्त टोचतं. १९९२ नंतर संघाचा हुकमी बॅटर बॅरी बाँड्स सॅन फ्रान्सिस्कोला गेला आणि १९९३ ते २०१२ असे सलग २० सीझन संघ जिंकलेल्यापेक्षा हरलेल्या मॅच जास्त ठेवून संपला. उत्तर अमेरिकेतल्या कुठल्याही मोठ्या व्यावसायिक संघाच्या नावावर असा विक्रम नाही. त्याच काळात याच शहरातला फुटबॉलचा स्टीलर्स दोन सुपर बोल जिंकला आणि हॉकीचा पेंग्विन्स स्टॅन्ली कप. तिघांचाही रंग काळा-सोनेरी, प्रेक्षक तेच. तेव्हा ‘इथली हवाच वाईट’ अशी सबब चालत नाही.

२०१३ ते २०१५ मध्ये तर चांगले दिवस होते ना?

होते, आणि खरी जखम तीच आहे.

१ ऑक्टोबर २०१३. एकवीस वर्षांनी प्लेऑफची मॅच, सगळं स्टेडियम काळ्या कपड्यांत. समोर सिनसिनाटीचा पिचर जॉनी क्वेटो. चाळीस हजार लोक त्याचं नाव लांबवून, सुरात, चिडवत ओरडायला लागले: ‘क्वेऽऽटो, क्वेऽऽटो’. गोंगाटात त्याच्या हातातून चेंडू निसटून खाली पडला. पुढच्याच चेंडूवर पायरेट्सच्या रसेल मार्टिनने होमरन (आपल्या षटकारासारखा फटका) मारला. इथल्या कुणालाही विचारा, तो मैदानात होता असंच सांगेल. सगळ्यांचं खरं मानायचं तर त्या दिवशी स्टेडियमात दोन लाख लोक असले पाहिजेत.

२०१४ मध्ये ८८ विजय, पण एका मॅचच्या बाद फेरीत सॅन फ्रान्सिस्कोचा पिचर बमगार्नर याने शून्यावर गुंडाळलं. २०१५ मध्ये ९८ विजय, आणि पुन्हा एकाच मॅचमध्ये शिकागोच्या एरिएटाने तेच केलं. तरुण संघ, भरलेलं मैदान, ९८ विजय. अशा वेळी मालकाने चार पैसे जास्त सोडायचे असतात. झालं उलटं. डिसेंबरात नील वॉकर, पिट्सबर्गातच वाढलेला दुसऱ्या बेसवरचा खेळाडू, न्यूयॉर्क मेट्सला दिला आणि बदल्यात जॉन नीस नावाचा पिचर आणला, जो चाललाच नाही. पुढच्या उन्हाळ्यात तर कहर. फ्रान्सिस्को लिरियानोचा पगार डोक्यावरून उतरवण्यासाठी त्याला टोरोंटोला पाठवलं आणि समोरच्याने तो पगार उचलावा म्हणून दोन होतकरू पोरंही सोबत बांधून दिली. गिऱ्हाईकालाच वर पैसे देऊन माल खपवण्यातला प्रकार. २०१६ मध्ये ७८ विजय, आणि दार बंद.

कोल आणि मॅकचन यांचं दुःख अजून का?

मॅकचन २०१३ चा सर्वोत्तम खेळाडू, संघाचा चेहरा. त्याने बाजारभावापेक्षा कमी पैशात सहा वर्षांचा करार केला होता. तो २०२३ मध्ये परत आला तेव्हा पहिल्या मॅचला मैदान उभं राहून टाळ्या वाजवत होतं. कोलला ह्यूस्टनला दिलं, तिथे तो जगातल्या उत्तम पिचरांत गणला गेला आणि डिसेंबर २०१९ मध्ये न्यूयॉर्क यँकीजने त्याच्याशी ९ वर्षांचा ३२.४ कोटी डॉलरचा करार केला.

त्याच २०१८ च्या जुलैत ख्रिस आर्चर या पिचरसाठी टायलर ग्लासनो, ऑस्टिन मेडोज आणि शेन बाझ असे तिघे टँपाला दिले. हा व्यवहार मात्र कंजूषपणाचा नव्हता, निव्वळ चुकीचा होता. दोन्हीतला फरक लक्षात ठेवा.

म्हणजे दोष मालकाचा की मॅनेजमेंटचा?

दोघांचा, पण सारखा नाही. नील हंटिंग्टन हे जनरल मॅनेजर, म्हणजे खेळाडूंची निवड आणि व्यवहार बघणारे, २०१९ मध्ये गेले, बेन चेरिंग्टन आले. चेरिंग्टन यांनी सगळं मोडून पायापासून बांधायला घेतलं. २०२१ मध्ये १०१ पराभव, २०२२ मध्ये १००. ठीक आहे, बांधकामात धूळ उडते. मग २०२३ मध्ये ७६ विजय, २०२४ मध्ये ७६, २०२५ मध्ये ७१. सहा वर्षांनंतरही पिलरच दिसत होते. २०२५ च्या मे महिन्यात, १२ विजय आणि २६ पराभव झाल्यावर मैदानावरचे मॅनेजर डेरेक शेल्टन यांना काढलं आणि डॉन केली यांना नेमलं. केली इथलेच, भला माणूस. पण शेल्टन यांच्या हातात बॅटरच नव्हते. त्या सीझनमध्ये पायरेट्सनी ११७ होमरन मारले, ३० संघांत सर्वांत कमी.

चेरिंग्टन यांच्यावर माझा राग आहे तो बॅटर घडवता न आल्याबद्दल. पिचर त्यांनी उत्तम घडवले. घडवता येत नसतील तर विकत घ्यावे लागतात आणि तिथे किल्ली दुसऱ्याच्या खिशात आहे. म्हणून मॅनेजर बदलला की इथे कुणी पेढे वाटत नाही.

संघाने कुणालाच मोठे पैसे दिले नाहीत, हे खरं आहे?

पूर्ण खरं नाही. ब्रायन रेनॉल्ड्सला एप्रिल २०२३ मध्ये ८ वर्षांचे १०.६७ कोटी डॉलर दिले. दहा कोटींच्या वरचा संघाचा तो पहिलाच करार. मिच केलरला २०२४ मध्ये ५ वर्षांचे ७.७ कोटी. केब्रायन हेजलाही ७ कोटींचा करार होता, पण २०२५ मध्ये त्याला सिनसिनाटीला देऊन तो भार उतरवला. हे सगळे आधीपासून संघात असलेले खेळाडू. खुल्या बाजारातून घेतलेल्याला दिलेली सर्वांत मोठी रक्कम २०२५ च्या सीझनपर्यंत तरी लिरियानोला दिलेले ३.९ कोटीच होती, आणि तो करार २०१४ च्या डिसेंबरचा. त्यापुढे वॉन सोटोला मेट्सनी दिलेले ७६.५ कोटी ठेवून बघा. किंवा नका बघू.

एक श्रेय द्यायलाच हवं: नटिंग यांच्या सुरुवातीच्या वर्षांत, वीटर्स प्रकरणानंतर, ड्राफ्टवर संघाने भरघोस खर्च केला. कोल त्यातूनच आला. पण २०१२ पासून लीगने ड्राफ्टच्या खर्चावर बंधनं घातली आणि ती वाट अरुंद झाली.

पॉल स्कीन्स किती दिवस राहणार?

नियमाने २०२९ च्या सीझनअखेरपर्यंत. मनाने, देव जाणे.

हिशोब असा. खेळाडूला वरच्या लीगमध्ये सहा वर्षं पूर्ण झाल्यावरच खुल्या बाजारात जाता येतं. पहिली तीन वर्षं साधारणपणे संघ देईल तो पगार, मग लवादामार्फत थोडी वाढ. स्कीन्सला २०२३ च्या ड्राफ्टमध्ये पहिल्या क्रमांकावर घेतलं, करारावर सही करताना ९२ लाख डॉलर दिले. ११ मे २०२४ ला तो पहिल्यांदा उतरला आणि त्या वर्षीचा सर्वोत्तम नवोदित ठरला. २०२५ मध्ये सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार, सगळी पहिल्या पसंतीची मतं त्यालाच. त्या वर्षीचा पगार ८ लाख ७५ हजार डॉलर. लीगमधला किमान पगारच ७ लाख ६० हजार होता!

आता या माणसाचं २०२५ चं रेकॉर्ड बघा: दर नऊ इनिंगमागे दिलेल्या धावा १.९७, म्हणजे दोनपेक्षा कमी. विजय १०, पराभव १०. मे महिन्यात फिलाडेल्फियात त्याने पूर्ण मॅच एकट्याने टाकली, आठ इनिंग, तीन हिट, एक धाव. कारकिर्दीतली पहिली पूर्ण मॅच. आणि हरला, १-०. नववी इनिंग टाकायची वेळच आली नाही, कारण यजमान आधीच जिंकले होते. मालकाबद्दलचा सगळा राग कुणाला एका स्कोअरकार्डात समजावायचा असेल तर ते स्कोअरकार्ड दाखवा.

भिंतीवरच्या ‘२१’ची काय भानगड झाली?

रॉबर्टो क्लेमेंटेचा नंबर २१. ३१ डिसेंबर १९७२ ला निकाराग्वाच्या भूकंपग्रस्तांसाठी मदत घेऊन जाताना विमान कोसळून तो गेला. नावावर बरोबर ३००० हिट, म्हणजे बेस गाठून देणारे यशस्वी फटके. इथे त्याला देवाच्या जागी मानतात. स्टेडियमची उजवीकडची भिंत मुद्दाम २१ फूट उंच ठेवली आहे. २०२५ च्या एप्रिलमध्ये लोकांच्या लक्षात आलं की तिथलं ‘२१’चं चिन्ह काढून एका मद्याची जाहिरात लावली आहे. क्लेमेंटे कुटुंबाने नाराजी कळवली, शहरभर बोंब झाली, संघाने माफी मागून चिन्ह परत लावलं.

त्याच महिन्यात आणखी एक. स्टेडियम बांधताना चाहत्यांनी पैसे भरून आपली, आई-वडिलांची, गेलेल्या माणसांची नावं विटांवर कोरून घेतली होती. प्रवेशद्वाराबाहेरच्या त्या विटा दुरुस्तीसाठी उखडल्या आणि नंतर भंगाराच्या ढिगात सापडल्याचे फोटो बाहेर आले. यात पगाराचा संबंध नाही, हे मान्य. पण आपल्या आजोबांचं नाव असलेला विटेचा तुकडा राडारोड्यात बघितल्यावर माणूस ताळेबंद वाचत बसत नाही.

या संघात भारतीय खेळाडू होते म्हणे?

हो. उत्तर प्रदेशातले रिंकू सिंग आणि दिनेश पटेल, दोघेही मूळचे भालाफेकपटू. एका टीव्ही स्पर्धेतून निवडले गेले आणि २००८ मध्ये पायरेट्सनी त्यांना करारबद्ध केलं. खालच्या लीगमध्ये खेळले, वरपर्यंत पोहोचले नाहीत. रिंकू पुढे कुस्तीच्या शोमध्ये गेला. या बाबतीत संघाला नावं ठेवायचं कारण नाही.

सॅलरी कॅप आली की सगळं सुटेल का?

मालक आणि खेळाडू यांच्यातला सध्याचा करार १ डिसेंबर २०२६ ला संपतो, त्यामुळे यावर चर्चा जोरात आहे. खेळाडूंची संघटना कॅपला, म्हणजे पगारांच्या वरच्या मर्यादेला, पूर्वीपासून कडाडून विरोध करते आणि १९९४ चा संप याच मुद्द्यावर झाला होता. त्या वर्षी वर्ल्ड सिरीजच झाली नाही.

माझं मत विचाराल तर वरच्या मर्यादेपेक्षा खालची मर्यादा पिट्सबर्गला जास्त हवी. डॉजर्सना बांधून घातल्याने नटिंग यांचा हात सैल होत नाही. किमान इतका खर्च केलाच पाहिजे असं बंधन आलं तरच होईल. गंमत म्हणजे नुसत्या वरच्या कॅपला इथले बरेच चाहतेही माना डोलावतात. त्यांना वाटतं शत्रू लॉस एंजेलिसमध्ये आहे.

मग बहिष्कार का टाकत नाहीत?

टाकून बघितलाय. मैदान रिकामं राहिलं तरी सामायिक कोशाचे आणि टीव्हीचे पैसे येतच राहतात, त्यामुळे मालकाला फारशी झळ पोहोचत नाही. ओकलंडच्या चाहत्यांनी तर उलटं केलं होतं. १३ जून २०२३ ला ठरवून मैदान भरलं, २७,७५९ लोक आले, आम्ही आहोत, संघ विका असं ओरडले. तरी मालकाने संघ शहराबाहेर नेलाच. तेव्हा नटिंग हे निदान संघ हलवत नाहीत, एवढं समाधान मानणारेही इथे आहेत. मी त्यांतला नाही.

२०२५-२६ च्या हिवाळ्यात काही बदललं का?

थोडं. ब्रँडन लो या बॅटरला तीन संघांच्या व्यवहारातून आणलं आणि रायन ओहर्नशी २ वर्षांचा २.९ कोटी डॉलरचा करार केला. इतर शहरांत ही आतल्या पानावरची बातमी ठरली असती. इथे लोकांनी एकमेकांना फोन केले.

एवढं सगळं असताना मॅचला जावं का?

जा. स्कीन्स टाकणार असेल तो दिवस आधी बघून ठेवा, तो साधारण पाच-सहा दिवसांनी एकदा येतो. डाउनटाउनमधून क्लेमेंटे पुलावरून चालत जा, मॅचच्या दिवशी तो गाड्यांना बंद असतो. तिकीट तिसऱ्या बेसच्या बाजूचं, वरच्या मजल्यावरचं घ्या: स्वस्त पडतं आणि समोर नदी, पूल, उंच इमारती सगळं दिसतं. मध्येच पिरोगींच्या (करंजीसारखा पोलिश पदार्थ) वेशातली माणसं पळण्याची शर्यत लावतात, ती चुकवू नका. घोषणा सुरू झाली की ओरडायचं की नाही हे तुम्ही ठरवा. नवे असाल तरी कुणी हरकत घेणार नाही.